स्पॅनिश शिकताना मराठीचा हात धरा, पण ‘ला’पाशी सोडा

स्पॅनिश शिकवणारी बहुतेक पुस्तकं आणि ॲप इंग्रजी येणाऱ्यांसाठी तयार केलेली असतात. इंग्रजी माणसाला जे अवघड जातं त्यावर त्यांत पानंच्या पानं खर्ची पडतात, आणि मराठी माणसाला जिथे ठेच लागते तिथे एक ओळही सापडत नाही. ‘मला आवडतं’ असं रोज म्हणणाऱ्याला ‘मे गुस्ता’ची रचना समजावून घ्यायला फार वेळ लागू नये. पण तो आधी इंग्रजीत विचार करतो, मग स्पॅनिशकडे वळतो, आणि घरातली सोय विसरून जातो. खाली क्रमाने पायऱ्या दिल्या आहेत. प्रत्येकीत मराठी कुठे उपयोगी पडते आणि कुठे दगा देते, हे सांगितलं आहे.

लेखनाबद्दल थोडं आधी

त आणि द आपल्यासारखेच, जीभ दाताला लावून. ट-ड कधीच नाहीत. रोमन लिपीतले बी आणि व्ही स्पॅनिशमध्ये एकाच उच्चाराचे, म्हणून इथे दोन्हींसाठी ब लिहिला आहे. एच हे अक्षर मूक असतं. जे या अक्षराचा उच्चार घशातून येणाऱ्या ख आणि ह यांच्या मधला. इथे ह वापरला आहे. झेड हे अक्षर, तसंच ई किंवा आय यांच्या आधीचं सी, लॅटिन अमेरिकेत स असा उच्चारतात. स्पेनच्या बऱ्याच भागात तोच आवाज जीभ दातांच्या मधे आणून काढतात. आपण स धरू.

मूळ लेखनात स्वरावर तिरकी रेघ असते तिथे इथे ऽ हे चिन्ह आहे (एकाक्षरी शब्दांत ते सोडून दिलंय). ही रेघ शोभेची नाही. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘आब्लोऽ’ म्हणजे तो किंवा ती बोलली. जोर चुकला की काळही बदलतो आणि बोलणारा माणूसही. फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड पहिल्याच दिवशी टाकून घ्या. रेघा ‘नंतर शिकू’ म्हणणारे पुढे भूतकाळात अडकतात.

पायरी १: क्रियापदाची शेपूट

स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप आर, एर किंवा इर या तीनपैकी एका शेवटाचं असतं. शेवट काढून टाकायचा आणि पुरुषाप्रमाणे नवी शेपूट लावायची. आब्लार (बोलणे): आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाऽइस, आब्लान. कोमेर (खाणे): कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेऽइस, कोमेन. बिबिर (राहणे, जगणे) कोमेरसारखंच चालतं, फक्त ‘आम्ही’ला बिबिमोस आणि ‘तुम्ही’ला बिबीऽस.

‘जातो’ म्हटलं की ‘मी’ वेगळं म्हणायची गरज मराठीत पडत नाही. स्पॅनिशमध्येही तसंच आहे. प्रत्येक वाक्याला ‘यो’ (मी) लावलंत तर ‘मीच, मीच’ असा सूर येतो. मात्र स्पॅनिश क्रियापदात लिंग नाही. बोलतो आणि बोलते दोन्हींना आब्ला. त्यामुळे तिसऱ्या पुरुषात कोणाबद्दल चाललंय हे स्पष्ट नसेल तर नाव किंवा सर्वनाम घालावंच लागतं.

आदरार्थी ‘उस्तेद’ला क्रियापद तिसऱ्या पुरुषाचं लागतं. ‘साहेब चहा घेणार का?’ असं समोरच्यालाच विचारावं, तसं. ‘तू’ मात्र तूच आहे, उच्चारानेही आणि अर्थानेही. अनेकवचनी ‘बोसोत्रोस’ (आब्लाऽइस, बिबीऽस वगैरे रूपं) स्पेनमध्ये रोजचं आहे. लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना ‘उस्तेदेस’ म्हणतात. अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘तू’च्या जागी ‘बोस’ ऐकू येईल. सुरुवातीला ते फक्त ओळखता आलं तरी पुरे.

अनियमित रूपांना घाबरून लोक तक्ते पाठ करत बसतात. त्यापेक्षा कारण समजून घ्या. केरेर (हवं असणे): क्येरो, क्येरेस, क्येरे, पण केरेमोस. पोदेर (शकणे): प्वेदो, पण पोदेमोस. पेदिर (मागणे): पिदो, पण पेदिमोस. वर्तमानकाळात धातूवर जोर पडतो तेव्हाच त्यातला स्वर बदलतो. ‘आम्ही’च्या रूपात जोर शेपटीवर सरकतो, म्हणून धातू जागचा हलत नाही. दुसरा गट ‘मी’च्या रूपात गो घेणाऱ्यांचा: तेंगो, बेंगो, पोंगो, साल्गो, आगो, दिगो, त्राइगो, ओइगो. ही आठ रूपं आत्ताच तोंडात बसवा. सातव्या पायरीवर त्यांच्यापासूनच पुढची रूपं तयार होतात.

पायरी २: एका ‘आहे’चे चार तुकडे

आपलं ‘आहे’ कुठेही चालतं. स्पॅनिशमध्ये त्याची कामं चार क्रियापदांनी वाटून घेतली आहेत.

ओळख, व्यवसाय, मूळ गाव, स्वभाव, वेळ, एखादी वस्तू कशाची बनली आहे: सेर (सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन). स्थिती आणि ठिकाण: एस्तार (एस्तोय, एस्ताऽस, एस्ताऽ, एस्तामोस, एस्ताऽइस, एस्ताऽन). ‘सेर कायमचं, एस्तार तात्पुरतं’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण त्यावर विसंबू नका. ‘एस्ताऽ म्वेर्तो’ म्हणजे तो मेलेला आहे. त्याहून कायमचं काय असणार? तरी तिथे एस्तारच येतं, कारण ती घडलेल्या बदलानंतरची अवस्था आहे. शिवाय ठिकाणाला एस्तार लागत असलं तरी कार्यक्रमाच्या ठिकाणाला सेर लागतं: ‘ला फ्येस्ता एस एन मि कासा’, पार्टी माझ्या घरी आहे. वस्तू ‘असते’ आणि कार्यक्रम ‘होतो’, हा फरक लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही.

काही विशेषणं दोन्हींबरोबर येतात आणि अर्थ बदलतात. एस आबुर्रीऽदो म्हणजे कंटाळवाणा, एस्ताऽ आबुर्रीऽदो म्हणजे कंटाळलेला (या शब्दात लिहिताना रेघ नसते, जोर कळावा म्हणून इथे चिन्ह दिलंय). एस लिस्तो हुशार, एस्ताऽ लिस्तो तयार. एस रिको श्रीमंत, एस्ताऽ रिको चविष्ट.

‘टेबलावर एक पुस्तक आहे’ यासाठी तिसरं: आय. एक असो वा दहा, रूप बदलत नाही. भूतकाळात आबीऽआ, तेही एकवचनीच. श्रोत्याला माहीत असलेल्या ठरावीक वस्तूसाठी मात्र आय वापरायचं नाही. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ‘एल लिब्रो एस्ताऽ एन ला मेसा’. मराठीत दोन्ही वाक्यांत ‘आहे’च, फक्त शब्दांची जागा बदलते. त्या जागेकडे लक्ष द्या.

चौथं तेनेर. ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला वीस वर्षं पूर्ण झालीत’, ‘मला भूक लागलीय’: मराठीत या रचना वेगवेगळ्या, स्पॅनिशमध्ये सगळीकडे तेंगो. तेंगो दोस एर्मानोस, तेंगो बेइन्ते आन्योस, तेंगो आम्ब्रे. तहान, झोप, थंडी, भीती, घाई यांनाही तेच. उकडतंय हे सांगायला ‘तेंगो कालोर’ म्हणा. ‘एस्तोय काल्येन्ते’ म्हणालात तर अर्थ कामवासनेचा होतो आणि समोरचा खजील होतो.

जाता जाता: येणं आणि जाणं

दारातून हाक आली की आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये तिथे ‘या बोय’, म्हणजे शब्दशः ‘जातो’. बेनिर (येणे) फक्त बोलणारा आत्ता जिथे आहे त्या जागेकडे. तुमच्या घरी मी ‘येणार’ असलो तरी ‘बोय आ तु कासा’. घेऊन येणं आणि घेऊन जाणं यांचंही तेच: ‘तुझ्यासाठी पुस्तक घेऊन येतो’ याला त्राएर नाही, येबार: ‘ते येबो एल लिब्रो’. इंग्रजी पाठ्यपुस्तकात यावर सहसा दोन ओळी असतात, पण मराठी माणसाकडून ही चूक वर्षानुवर्षं होत राहते.

पायरी ३: दोन भूतकाळ

इंग्रजीवरून येणाऱ्यांना हा डोंगर वाटतो. मराठीत फरक आधीच आहे. ‘मी शाळेत चालत जायचो’, ‘मी जेवत होतो’: हा अपूर्ण भूतकाळ. ‘मी गेलो’, ‘फोन वाजला’: हा पूर्ण. कोमीऽआ क्वान्दो सोनोऽ एल तेलेऽफोनो: मी जेवत होतो तेव्हा फोन वाजला.

अपूर्ण भूतकाळ बनवायला सोपा. आर गटाला आबा (आब्लाबा), बाकी दोन्हींना ईऽआ (कोमीऽआ, बिबीऽआ). संपूर्ण भाषेत अपवाद फक्त तीन: सेरचं एरा, इरचं इबा, बेरचं बेईऽआ.

पूर्ण भूतकाळात मेहनत आहे. आब्लार: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. कोमेर: कोमीऽ, कोमिस्ते, कोम्योऽ, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोम्येरोन. सेर आणि इर या दोघांचा पूर्ण भूतकाळ अगदी एकच आहे: फ्वी, फ्विस्ते, फ्वे, फ्विमोस, फ्विस्तेइस, फ्वेरोन. ‘होतो’ की ‘गेलो’ हे पुढच्या शब्दांवरून कळतं. तुबे, एस्तुबे, पुदे, पुसे, सुपे, इसे, किसे, बिने, दिहे, त्राहे ही अनियमित रूपं शेवटी जोर घेत नाहीत आणि त्यांना रेघही नसते. ‘ते म्हणाले’ याला दिहेरोन, दिह्येरोन नाही.

आता मराठी जिथे फसवते ते. ‘दोन तास पाऊस पडत होता’, ‘मी तीन वर्षं पुण्यात राहत होतो’. आपल्या कानाला ही ‘-त होतो’ची वाक्यं, म्हणून हात अपूर्ण भूतकाळाकडे जातो. स्पॅनिशमध्ये कालावधी मोजून सांगितला आणि तो संपलेला असला की पूर्ण भूतकाळ: योब्योऽ दोस ओरास, बिबीऽ त्रेस आन्योस एन पुणे. वाक्यात ‘इतके तास, इतकी वर्षं’ आलं की ‘होतो’ ऐकू येऊनही थांबा. अजून राहत असाल तर मात्र मराठीसारखाच वर्तमानकाळ: बिबो आकीऽ देस्दे आसे त्रेस आन्योस, मी इथे तीन वर्षं राहतोय. इथे चूक होते ती इंग्रजीच्या नादाने.

काही क्रियापदांचा अर्थ या दोन काळांत बदलतो, आणि मराठीत त्यांना वेगळे शब्दच आहेत. साबीऽआ म्हणजे माहीत होतं, सुपे म्हणजे कळलं. कोनोसीऽआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसीऽ म्हणजे ओळख झाली. पोदीऽआ म्हणजे करता यायचं, पुदे म्हणजे जमलं. नो केरीऽआ म्हणजे इच्छा नव्हती; नो किसे म्हणजे चक्क नकार दिला.

आणखी एक खड्डा आपल्या ‘ने’च्या वाक्यांचा. सीताने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. मराठी क्रियापद इथे काय खाल्लं ते सांगतं. स्पॅनिश क्रियापद कोणी खाल्लं ते सांगतं. तिन्ही ठिकाणी कोम्योऽ. हीच सवय पुढे ‘ए कोमिदो’ (मी खाल्लंय) या रूपात घुसते आणि सफरचंदं स्त्रीलिंगी म्हणून लोक ‘ए कोमिदास लास मान्सानास’ म्हणतात. चूक आहे. आबेर या साहाय्यक क्रियापदानंतरचं रूप कधीही बदलत नाही: ए कोमिदो लास मान्सानास. सेर किंवा एस्तारबरोबर तेच रूप विशेषण बनतं आणि मग बदलतं: ला प्वेर्ता एस्ताऽ सेर्रादा, दार बंद आहे.

पायरी ४: आवडणं, दुखणं

मे गुस्ता एल काफेऽ, मला कॉफी आवडते. मे गुस्तान लोस मान्गोस, मला आंबे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं, मराठीसारखंच. आवडणारी गोष्ट एखादी क्रिया असेल तर एकवचन: मे गुस्ता लेएर.

नाव आलं की मात्र जास्तीचा शब्द लागतो. ‘सुनीताला चहा आवडतो’ म्हणजे ‘आ सुनीता ले गुस्ता एल ते’. ‘आ सुनीता’मध्ये ‘ला’चं काम झालेलं असतानाही ‘ले’ पुन्हा हवंच. मराठीत अशी पुनरुक्ती नाही, म्हणून ते हमखास गळतं.

दोलेर (दुखणे), फाल्तार (कमी असणे), पारेसेर (वाटणे), इम्पोर्तार (महत्त्वाचं वाटणे), इन्तेरेसार (रस वाटणे) याच चालीने. शरीराच्या अवयवांना ‘माझं’ लावत नाहीत: मे द्वेले ला काबेसा. आणि एखाद्या सहकाऱ्याला ‘मे गुस्तास’ म्हणू नका. ती प्रेमाची कबुली ठरते. माणूस म्हणून आवडतो हे सांगायला ‘मे काएस ब्येन’.

पायरी ५: ‘ला’चं कोडं, लो, ला आणि ले

‘मी सिनेमा पाहतो’ पण ‘मी रवीला पाहतो’. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, माणसाला ‘ला’. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच ‘आ’ने होतं: बेओ ला पेलीऽकुला, पण बेओ आ रवी. ‘डॉक्टर शोधतोय’ (कोणीही चालेल) आणि ‘डॉक्टरांना शोधतोय’ (आमचे ठरावीक) हा बारकावासुद्धा तसाच्या तसा: बुस्को उन मेऽदिको, बुस्को आ मि मेऽदिको. याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

अडचण सर्वनामावर येते. ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिलं’, मराठीत दोन्हींत ‘त्याला’. स्पॅनिशमध्ये पहिला प्रत्यक्ष कर्म, म्हणून लो: लो बि. दुसरा अप्रत्यक्ष कर्म, म्हणून ले: ले दि एल लिब्रो. एकच ‘ला’ दोन वेगळ्या गोष्टी झाकून ठेवतो.

ओळखायची कसोटी अशी. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवा. ‘ला’ गळून पडला तर लो किंवा ला. टिकून राहिला तर ले. ‘त्याला पाहिलं’, ‘चित्र पाहिलं’: गळाला, म्हणून लो. ‘त्याला पैसे दिले’, ‘शाळेला पैसे दिले’: टिकला, म्हणून ले. काही क्रियापदांत ही कसोटी लागू पडत नाही, कारण मराठीत तिथे मुळातच वेगळी विभक्ती येते. ती पाठ करा. ‘त्याची’ वाट पाहतो, ‘त्याचं’ ऐकतो, ‘त्याच्याकडे’ बघतो: एस्पेरार, एस्कुचार, मिरार, तिन्हींना लो. ‘त्याला फोन केला’ हेही बहुतेक ठिकाणी लो येमेऽ. विचारणं, मागणं, सांगणं, लिहिणं (प्रेगुन्तार, पेदिर, देसिर, एस्क्रिबिर) यांत माणूस नेहमी ले.

मग लिंग. लो पुरुष, ला स्त्री. पण ले दोघांनाही एकच. आपल्याकडे त्याला-तिला वेगळं असल्यामुळे ‘तिला पुस्तक दिलं’चं ‘ला दि एल लिब्रो’ होतं. बरोबर रूप ले दि. स्पेनमध्ये, विशेषतः माद्रिदकडे, पुरुषाबद्दल ‘ले बि’ ऐकाल. १७१३ साली स्थापन झालेल्या रेआल आकादेमिआ एस्पान्योला या भाषासंस्थेला ते एकवचनी पुरुषापुरतं मान्य आहे. स्त्रीला किंवा वस्तूला नाही. शिकणाऱ्याने लो धरून राहावं, कुठेच चुकत नाही.

पायरी ६: सर्वनाम बसवायचं कुठे

पुरुषाची शेपूट लावलेल्या क्रियापदाच्या आधी, सुटं: लो कोम्प्रो, मी ते विकत घेतो. नकार त्याच्याही आधी: नो लो कोम्प्रो. आपण ‘नाही’ शेवटी टाकतो, तेवढं इथे उलटं करायचं.

आज्ञा करायची असेल तर क्रियापदाला मागून चिकटवून: कोऽम्प्रालो. नकारार्थी आज्ञेत पुन्हा पुढे: नो लो कोम्प्रेस.

दोन क्रियापदं एकत्र आली की दोन जागा चालतात. क्येरो कोम्प्रार्लो किंवा लो क्येरो कोम्प्रार. एस्तोय लेयेऽन्दोलो किंवा लो एस्तोय लेयेन्दो. मधली जागा, क्येरो लो कोम्प्रार, कधीच नाही. आय के (करायला हवं), गुस्तार यांच्यानंतर आणि पारा (-साठी), देस्प्वेऽस दे (-नंतर) असे शब्द आले की सर्वनाम पुढे उडी मारत नाही: आय के कोम्प्रार्लो, पारा कोम्प्रार्लो. आबेरच्या जोडरूपात दोन्हींच्या आधी: लो ए कोम्प्रादो. ‘ए लो कोम्प्रादो’ किंवा ‘ए कोम्प्रादोलो’ दोन्ही चूक.

दोन सर्वनामं असतील तर क्रम मराठीचाच. मे लो दा: मला ते देतो. शब्दाला शब्द जुळतो. आज्ञेत दाऽमेलो, ‘दे मला ते’. दोन्ही तिसऱ्या पुरुषाची असली की ‘ले लो’ असं होत नाही; पहिल्याचं से होतं: से लो दि, मी त्याला ते दिलं. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये इथे वेगळंच सर्वनाम होतं, पुढे उच्चार बदलत ते स्वतःवाचक ‘से’सारखं झालं, म्हणून आज ते विनाकारण वाटतं. हे से त्याला, तिला, त्यांना, आपल्याला काहीही असू शकतं, म्हणून गरज पडल्यास शेवटी आ एल, आ एया, आ उस्तेद जोडतात.

चिकटवल्यावर रेघेची भानगड येते. जोराची जागा मूळ क्रियापदातलीच राहते. ती शेवटून तिसऱ्या किंवा त्याआधीच्या अक्षरावर गेली की रेघ काढायचीच. कोम्प्रारला एकच लो जोडला तर जोर शेवटून दुसऱ्यावर, रेघ नको. दोन जोडली की कोम्प्राऽर्मेलो, रेघ हवी. दामेला रेघ नाही, दाऽमेलोला आहे.

‘से’चा एक उपयोग मराठी माणसाला लगेच कळतो. ग्लास फुटला, पण मुद्दाम नाही: से मे काय्योऽ एल बासो, माझ्या हातून ग्लास पडला. जबाबदारी हळूच बाजूला सारणारी ही रचना दोन्ही भाषांना प्रिय आहे. ‘से आब्ला एस्पान्योल’ म्हणजे इथे स्पॅनिश बोललं जातं. दुकानांच्या काचांवर दिसेल.

पायरी ७: ‘यावं, करावं’चं रूप

इंग्रजीतून शिकवताना या रूपाला भयंकर मानतात. मराठीत ते रोजच्या बोलण्यात आहे: तू यावंस असं मला वाटतं. क्येरो के बेंगास. आपण ‘मला जायचंय’ आणि ‘तू जावंस’ वेगळं ठेवतो, तसंच इथेही. करणारा एकच असेल तर मूळ रूप, क्येरो इर. वेगळा असेल तर के आणि हे रूप, क्येरो के बायास.

बनवायची रीत: ‘मी’चं वर्तमान रूप घ्या, शेवटचा ओ काढा, आर गटाला ए आणि बाकीच्यांना आ लावा. आब्लो, आब्ले. कोमो, कोमा. तेंगो, तेंगा. पहिल्या पायरीवरची ‘गो’ घेणारी रूपं इथे कामाला येतात. खरे अपवाद सहा: सेआ, एस्तेऽ, बाया, सेपा, आया, दे. नकारार्थी आज्ञा याच रूपातून येतात, म्हणून हे पुढे ढकलू नका. होकारार्थी ‘तू’ आज्ञेची आठ छोटी अनियमित रूपं वेगळी: दि, आस, बे, पोन, साल, से, तेन, बेन.

मराठी इथे दोन ठिकाणी साथ सोडते. ‘तो येईल असं मला वाटत नाही’: आपल्याकडे भविष्यकाळ, तिकडे नो क्रेओ के बेंगा. आणि ‘तू आलास की फोन कर’: आपल्याकडे चक्क भूतकाळ, तिकडे क्वान्दो येगेस, याऽमामे. अजून न घडलेल्या गोष्टीआधी क्वान्दो आलं की हेच रूप.

फसवे शब्द

पहिली टोळी इंग्रजीमुळे फसवणारी. एम्बारासादा म्हणजे गरोदर. लाज वाटली तर ‘के बेर्ग्वेन्सा’. एऽक्सितो म्हणजे यश, बाहेर जायचं दार सालिदा. आक्त्वाल्मेन्ते म्हणजे सध्या. आसिस्तिर म्हणजे हजर राहणे. रेआलिसार म्हणजे पार पाडणे. लक्षात येणे याला दार्से क्वेन्ता. लिब्रेरीऽआत पुस्तकं विकत मिळतात, वाचायला बिब्लिओतेका. कार्पेता म्हणजे कागदांचं फोल्डर. सेन्सिब्ले म्हणजे हळवा. कोन्तेस्तार म्हणजे उत्तर देणे. प्रेसेर्बातिबो म्हणजे कंडोम, तेव्हा लोणच्यातल्या टिकवणाऱ्या पदार्थाबद्दल विचारताना कोन्सेर्बान्ते म्हणा. नोकरीत आकडे हाताळणाऱ्यांनी बियोऽन जपून वापरावा: स्पॅनिशमध्ये तो एक लाख कोटी आहे. इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी. त्याला मिल मियोनेस.

दुसरी टोळी गोव्याच्या बाजूने आलेली, आणि तिच्याकडे कोणतंही ॲप लक्ष देत नाही. पोर्तुगीजमधून मराठीत आलेले शब्द स्पॅनिशचे चुलतभाऊ आहेत. पाव आणि पान (ब्रेड), मेज आणि मेसा, साबण आणि हाबोऽन, चावी आणि याबे, बिजागरी आणि बिसाग्रा: हे आधाराचे. पण बाताता मागितलीत तर रताळं मिळेल. बटाट्याला स्पेनमध्ये पाताता, लॅटिन अमेरिकेत पापा. पगार आपल्याकडे नाम, तिकडे पागार हे ‘पैसे देणे’ हे क्रियापद.

तिसरी टोळी निव्वळ उच्चाराची. मामाऽ म्हणजे आई. सोपा म्हणजे सूप. मि म्हणजे माझं, ते म्हणजे तुला. आणि मुलांना काकांची ओळख करून देताना जरा सांभाळून: काका म्हणजे शी.

देशादेशांतही फसगत होते. कोहेर स्पेनमध्ये साधं ‘घेणे, पकडणे’, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील. तिथे बस पकडायलाही तोमार (घेणे) हेच क्रियापद वापरा. तोर्तिया मेक्सिकोत सहसा मक्याची पोळी, स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचा जाड ऑम्लेट. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नका. कार्नेत मासे, कोंबडी किंवा हॅमचे तुकडे सगळे धरत नाहीत. पूर्ण यादी म्हणा: नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोऽन, नि वेबोस (मांस, कोंबडी, मासे, हॅम, अंडी यांतलं काहीच खात नाही).

सरावाचा क्रम

बारा क्रियापदांपासून सुरुवात करा: सेर, एस्तार, आबेर, तेनेर, इर, आसेर, पोदेर, केरेर, देसिर, साबेर, बेर, दार. रेआल आकादेमिआच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक क्रियापदाखाली सगळी रूपं दिलेली असतात. शंका आली की तिथेच पाहा. रोज एकाच क्रियापदाची सहा वाक्यं लिहा, प्रत्येक पुरुषाचं एक, आणि मोठ्याने वाचा. जोर कानाला कळतो, डोळ्याला नाही.

दुसऱ्या महिन्यापासून रोज मराठीत पाच वाक्यांचा परिच्छेद लिहून तो स्पॅनिशमध्ये आणा. आधी मराठी मजकुरावर पेन्सिल फिरवा. प्रत्येक ‘आहे’खाली रेघ मारून चारपैकी कोणतं ते लिहा. प्रत्येक ‘ला’ला निर्जीव वस्तूची कसोटी लावा. ‘-त होतो’च्या शेजारी तास किंवा वर्षं मोजलेली आहेत का, बघा. ‘येतो’ म्हणजे बोलणाऱ्याकडे की ऐकणाऱ्याकडे, ते ठरवा. मग स्पॅनिश लिहा. देले या परीक्षेला बसायचं असेल तर साधारणपणे वर्तमानकाळ आणि गुस्तार पहिल्या म्हणजे ए-वन पातळीवर येतात, दोन भूतकाळ ए-टू वर, ‘यावं-करावं’चं रूप बी-वन वर. त्यातली नकारार्थी आज्ञा मात्र बी-वन ची वाट न पाहता पहिल्या महिन्यातच उचला. ‘नो ते प्रेओकूपेस’, काळजी करू नकोस, हे ऐकायला आणि म्हणायला बी-वन होईपर्यंत कोणी थांबत नाही.